मायोसीन की ऑलिगोसीन? : आमची वाटचाल

तेलविहिरीतल्या खडकाचं वय त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून ठरवणं, हे आमचं काम. मायोसीन आणि त्याच्या आधीचा ऑलिगोसीन हे भूगर्भीय काळाचे दोन टप्पे. पनवेलला भाड्याच्या गाळ्यात लॅब टाकली तेव्हा आमच्याकडे एक जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप, ओव्हन आणि २३० मेशच्या, म्हणजे अगदी बारीक जाळीच्या चाळण्या, एवढंच होतं. पिकिंगला, म्हणजे फोरॅम (सूक्ष्म सागरी जीवांची कवचं) एकेक उचलायला, सेबलचा तीन शून्यवाला ब्रश. नव्यांना सांगतो, नायलॉनचा घेऊ नका. टोक फाटतं आणि फोरॅम हातचा जातो. दोन सॅम्पलच्या मध्ये चाळण मिथिलीन ब्ल्यूत बुडवायची शिस्त आमचे भागीदार मामा यांची. आधीचा एखादा फोरॅम जाळीत अडकून राहिलाच, तर निळा दिसतो, बाजूला काढता येतो.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये तिसाच्या खाली आलं. विहिरी थांबल्या की पहिली कात्री बायोस्ट्रॅटवरच, म्हणजे आमच्या या वय ठरवण्याच्या कामावरच चालते. गाळ्याचं भाडं थकलं, मामांनी एफडी मोडली.

त्याच सुमारास एका स्पर्धकाने आमच्या निम्म्या दरात पश्चिम किनाऱ्याबाहेरच्या एका विहिरीचं काम उचललं. चुनखडीच्या कटिंग्जमध्ये (खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांत) मायोसीनचा फोरॅम मायोजिप्सिना आणि ऑलिगोसीनचा न्युम्युलाइट्स फिक्टेली एकत्र निघाले. त्यांनी मायोसीन लिहून टाकलं; फिक्टेली म्हणे जुन्या खडकातून वाहून आलेला. अहो, वाहून आलेल्याच्या कडा झिजतात, तुटतात. हे तर अखंड होते! मायोजिप्सिनाच वरून ढासळून खाली आला होता. कटिंग्जमध्ये केव्हिंग, म्हणजे असं ढासळणं, असतंच, म्हणून तर आपण प्रजातीचा टॉप (खाली जाताना ती पहिल्यांदा दिसते ती खोली) धरतो, तळ नाही.

आमच्यावर विश्वास ठेवला तो त्या विहिरीवरच्या एकाच जिऑलॉजिस्ट साहेबांनी. पूर्वीपासून ते सॅम्पलच्या पिशव्या स्वतः घेऊन यायचे, मामांच्या हातचा चहा घेऊन जायचे. त्यांनी साइडवॉल कोअर, म्हणजे विहिरीच्या भिंतीतून थेट काढलेले खडकाचे तुकडे, आणून दिले. थिन सेक्शनमध्ये (खडकाच्या घासून पातळ केलेल्या चकतीत) फिक्टेली भरपूर, मायोजिप्सिनाचा पत्ता नाही. शेलच्या (चिखलाच्या खडकाच्या) पातळ पट्टीची भुकटी काचेवर पसरून केलेली स्मिअर स्लाइड हजारपटीने, क्रॉस्ड पोलर्समध्ये (ध्रुवित प्रकाशात) पाहिली, तर स्फेनोलिथस डिस्टेंटस, हा ऑलिगोसीनचा नॅनो (फोरॅमहूनही बारीक जीवाश्म). मायोसीनचं एकही नॅनो नाही. ऑलिगोसीन, वाद संपला.

म्हणजे खडकापुरता संपला. स्पर्धकाच्या 'सुधारित' रिपोर्टात आमचाच रेंज चार्ट (कोणती प्रजाती किती खोलीवर, याचा तक्ता) छापला गेला, आमचं नाव गाळून. पुढचं कंत्राटही त्यांनाच मिळालं.

तरुण मित्रांनो, मागितलं नसलं तरी सांगतो: धुतलेलं सॅम्पल कधी स्वीकारू नका, न धुतलेलंच मागा. कुणी कोणत्या चाळणीतून काय वाहू दिलं, ते तुम्हाला कळणार नाही.

आता कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यातलं नॅनोचं काम येतं, पिकिंगला चार जणी आहेत. साहेब निवृत्त झाले, तरी ओळखीतल्यांना आमच्याकडेच पाठवतात. त्या विहिरीच्या कंपनीचीही मध्ये विचारणा आली होती. दर तोच सांगितला, वर अर्धी रक्कम आगाऊ आणि चार्टवर आमचं नाव. अजून उत्तर नाही.