तुम्ही विचारलंत म्हणून: ४५४चं ४९६ का नाही केलं?

मिशिगनमध्ये मराठी मंडळाच्या पिकनिकला माझी १९७१ची शेव्हरले शेव्हेल गाडी नेली की बॉनेटभोवती घोळका जमतो आणि कोणीतरी विचारतंच, "काका, इंजिन उघडलंच होतंत, तर ४९६ का नाही करून घेतलंत?"

आधी हा आकडा कुठून येतो ते सांगतो. शेव्हरलेच्या ४५४ बिग ब्लॉक इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सव्वाचार इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) चार इंच. आठ सिलिंडर मिळून ४५४ घनइंच, म्हणजे ७.४ लिटर. कोल्हापूरला आमच्याकडे फियाट होती, तिचं अख्खं इंजिन १०८९ सीसीचं. इथे एकेक सिलिंडरच ९३० सीसीचा आहे! आता बोअर ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मोठा करायचा, पाव इंच जास्त स्ट्रोकची क्रँक (पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा) घालायची, की झाले ४९६. पार्ट सहज मिळतात, आणि खर्चही फार वाढत नाही. मोह मलाही झालाच होता.

पण बोअर किती वाढवायचा हे मालकाने ठरवायचं नसतं. माझा मशीनिस्ट, सत्तरीचा गृहस्थ, त्याने बोअरिंगचं नावही काढायच्या आधी अल्ट्रासॉनिक मीटरने आठही सिलिंडरच्या भिंती मोजल्या. ब्लॉक ओतताना कोअर (साच्यात पोकळी राखणारा वाळूचा गाभा) जरा सरकला की भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ होते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वर्षभर उमेदवारी केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पॉवर स्ट्रोकला पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो, तिथे माझा मशीनिस्ट भिंत २०० थाऊपेक्षा पातळ होऊ देत नाही. माझा सात नंबरचा सिलिंडर त्या बाजूला २३० भरला. ६० थाऊ बोअर म्हणजे प्रत्येक बाजूने ३० जाणार. उरले बरोब्बर २००, आणि ब्लॉकचं आयुष्य तिथेच संपलं. मी ३० थाऊवर थांबलो. ४६० घनइंच झाले आणि पुढच्या एका बोअरिंगपुरतं लोखंड शिल्लक राहिलं.

"मग स्ट्रोक तरी वाढवायचा, ४८९ झाले असते!" हेही ऐकतो. पाव इंच स्ट्रोक म्हणजे क्रँकचा थ्रो (मधल्या अक्षापासून रॉडच्या जोडापर्यंतचं अंतर) एक सूत जास्त. तेवढ्यासाठी कनेक्टिंग रॉड फिरायला सिलिंडरच्या खालच्या कडा घासाव्या लागू शकतात. ते जमतं. माझी अडचण होती कम्प्रेशनची, म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबलं जातं त्याची.

माझी हेड्स (सिलिंडरवरची झाकणं, यांतच झडपा असतात) ७८१ कास्टिंगची, ओव्हल पोर्टची, म्हणजे हवेच्या वाटा लंबगोल असलेली. छापील आकड्यावर विसंबलो नाही. ॲक्रिलिकच्या पट्टीला भोक पाडून, ग्रीसने चिकटवून, ब्युरेटने रंगीत पाणी सोडत चेंबर (हेडमधली मिश्रण पेटायची पोकळी) मोजला. ११८ सीसी. सपाट पिस्टन घातला असता तर पॅकिंग आणि वरची फट धरून कम्प्रेशन जेमतेम आठ. म्हणून माथ्यावर २० सीसीचा डोम (फुगवटा) असलेले पिस्टन घेतले, साडेनवाच्या आसपास आलं. लोखंडी हेडवर पंपावरच्या ९३ ऑक्टेन पेट्रोलला हे झेपतं. एवढाच डोम, हीच हेड्स ठेवून ४९६ केलं असतं तर कम्प्रेशन सव्वादहाच्या जवळ गेलं असतं, म्हणजे उन्हाळ्यात चढावर नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी पेटून बसणारे ठोके). स्ट्रोक वाढला की कम्प्रेशन आपोआप चढतं, हे किट विकणारा सांगतोच असं नाही. तेव्हा आधी हेड, पेट्रोल आणि गाडी कशी चालवणार ते ठरवा, पिस्टन त्यावरून. लोक कॅमपासून (झडपा उघडणाऱ्या दांड्यापासून) सुरू करतात, कारण आवाज कॅमचा येतो.

कॅम मी हायड्रॉलिक रोलर घेतला. जुन्या पद्धतीच्या फ्लॅट टॅपेटला (यात कॅमवर रोलर फिरत नाही, सपाट तळ घासतो) झिंकचं तेल लागतं आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीसेक मिनिटं २००० आरपीएमच्या वर पळवावं लागतं. शेजारी चांगले आहेत, ते तसेच राहू देत.

एक गंमत. १९७०च्या एलएस-५ ला (४५४चाच एक प्रकार) कम्प्रेशन सव्वादहा आणि ३६० हॉर्सपॉवर; १९७१ला कम्प्रेशन साडेआठवर आणलं, तर कागदावर ३६५! ब्रोशरमधल्या आकड्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

ज्याचा ब्लॉक आधीच ६० थाऊ झालाय आणि भिंती जाड आहेत, त्याने खुशाल ४९६ करावं, डोम मात्र लहान घ्यावा.

आणि हो, सगळं मोजूनमापून करणाऱ्या मीच जुन्या पार्टच्या बाजारातून स्वस्तात ४२७चा (शेव्हरलेचंच दुसरं बिग ब्लॉक) बॅलन्सर, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाचं जड चाक, उचलून आणला होता. ४२७चा समतोल क्रँकमध्येच साधलेला असतो. मूळ ४५४ची क्रँक समोरच्या बॅलन्सरला आणि मागच्या फ्लायव्हीलला एका बाजूला वजन असेल तरच नीट फिरते. बसवायच्या आदल्या रात्री हा आणि माझा मूळचा, दोन्ही उलटे करून शेजारी ठेवले तेव्हा लक्षात आलं. तो अजून आहे. वाऱ्याने गॅरेजचं मागचं दार आपटू नये म्हणून त्याला लावून ठेवतो.