आमची वाटचाल : शिव्या खाऊन मोठी झालेली खानावळ

1994 साली कोल्हापुरात एक भट्टी आणि तांब्याचं कल्हईचं पातेलं एवढ्यावर आमची मटणाची खानावळ सुरू झाली. पुढची वर्षं बरी गेली, त्यांचं काय सांगायचं? सांगायचं ते 2011 च्या आखाडाचं.

श्रावणात गिऱ्हाईक मटणाकडं बघत नाही. गटारीपर्यंत गल्ल्यात पडेल त्यावरच पुढचा महिना निघतो. नेमक्या आखाडातल्या रविवारच्या आदल्या रात्री चौकातल्या हॉटेलवाल्यानं माझा वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, आणि हाताखालची दोन पोरं पळवली. पगार वाढवून नेली असती तर बोललो नसतो. पण वर गावभर सांगत सुटला, "तिथं पोरांना शिव्या खायला लागतात. आमच्यात सगळ्यांना साहेब म्हणतात."

अहो, बर्नरचा घोंगाट, वर एक्झॉस्ट, दोघं जेमतेम जातील एवढी वाट, आणि त्यातनं एकजण उकळता तांबडा घेऊन निघालेला. "जरा सरकता का" म्हणेपर्यंत पाठ भाजते. पांढऱ्यात नारळाचं दूध पडलं की आच उतरवायलाच पाहिजे, नाहीतर रस्सा फाटतो आणि फाटलेला पांढरा परत जुळत नाही. तिथं "आच काढ, भाड्या!" हेच तोंडातनं निघतं. बाहेर ताटं खोळंबली की मालक वस्तादाला बोलतो, वस्ताद पोराला. भांडी घासणाऱ्याला बोलायला खाली कुणी उरत नाही, म्हणून तो पातेली आपटतो.

पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकलाय. तो सांगतो, एस्कॉफिए नावाचा फ्रेंच आचारी 1870 च्या युद्धात फौजेचा स्वयंपाकी होता, त्यानंच हॉटेलच्या किचनला फौजेसारखी उतरंड लावली. पण शिवीगाळ मात्र चालू देत नसे म्हणे. आखाडातला रविवार त्यानं बघितला नसणार.

त्या रविवारी भट्टीवर मी, भाकरीला बायको. आमचे अण्णा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, नेहमी किचनच्या खिडकीजवळ बसणारे. ते उठून आत आले, शर्ट खुंटीला अडकवला आणि ताटं वाढायला लागले. माझ्या शिव्या त्यांनाही बसल्या. म्हणाले, "डेपोत याच्यापेक्षा ठेवणीतल्या मिळायच्या."

तरी श्रावणात भाडं थकलंच. तांब्याचं पातेलं गहाण पडलं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मटण शिजतं, पण बुडाला लागतं, हे त्या महिन्यात रोज बघितलं. दसऱ्याच्या आत पातेलं सोडवलं आणि आधी कल्हई करून घेतली.

नवीन हॉटेल काढणाऱ्यांनी ऐकावं. भट्टीमागं माणूस फिरेल एवढी जागा सोडा, निम्म्या शिव्या तिथंच वाचतात. बोलायचं ते करपलेल्या कांद्यावर बोला, पोराच्या आईवर, जातीवर नाही. आणि शटर पडलं की त्याच पोराबरोबर जेवायला बसा. पगार सात तारखेच्या आत.

वस्ताद दिवाळीनंतर परत आला. तिकडं साहेब, साहेब म्हणत त्याचा दोन महिन्यांचा पगार बुडवला होता.