धूळपाटी कुठे आहे?

"मॅडम, वर्गासाठी कोणतं ॲप चांगलं?" नव्याने शिकवायला लागलेले सहकारी हे मला इतक्यांदा विचारतात की म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण आधी माझा एक उलट प्रश्न आहे. तुमचे विद्यार्थी चुकणार कुठे?

मी संख्याशास्त्र शिकवते. या विषयात मनाला चटकन जे पटतं ते बऱ्याचदा चूक निघतं, त्यामुळे चुकल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. माझा दरवर्षीचा एक प्रश्न बघा. हजार माणसांपैकी १० जणांना एक आजार आहे. चाचणी आजारी माणसाला ९० टक्के वेळा पकडते आणि निरोगी माणसालाही ९ टक्के वेळा चुकून आजारी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती?

हात वर करायला सांगितलं की वर्ग वहीत डोकं घालतो. तोच प्रश्न मोबाइलवरच्या निनावी मतदानात टाकला की जवळजवळ सगळ्यांची उत्तरं येतात, आणि त्यांतली बरीचशी '९० टक्के' या पर्यायावर पडतात. मग मी म्हणते, शेजारच्याला तुमचं उत्तर पटवून द्या. दोन मिनिटं नुसता कल्ला. कोणीतरी हिशेब मांडतं: १० आजाऱ्यांपैकी ९ पॉझिटिव्ह, ९९० निरोगींपैकी सुमारे ८९ पॉझिटिव्ह, म्हणजे एकूण ९८ पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे आजारी फक्त ९. शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास! दुसऱ्यांदा मतदान घेतलं की चित्र पार बदललेलं असतं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मेझर १९९१च्या सुमारास या वाटेला लागले आणि तिला 'पीअर इन्स्ट्रक्शन', म्हणजे सहाध्यायांनी एकमेकांना शिकवणं, हे नाव मिळालं. त्यांचा ठोकताळा सोपा आहे. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर मुलांना आपसात भांडू द्यायचं. त्याहून कमी आली तर आपण पुन्हा समजावायचं, जास्त आली तर पुढे जायचं. मतदान रंगीत कार्डं दाखवूनही घेता येतं. मोबाइलने भर घातली ती एवढीच, की चुकणाऱ्याचं नाव झाकलं गेलं. माझ्या लेखी ही भर फार मोठी आहे. (पहिल्या फेरीचा आलेख पडद्यावर दाखवू नका. सगळ्यांत उंच खांब दिसला की मुलं विचार थांबवतात आणि त्याच्यामागे जातात. मी दोन वर्षं दाखवत होते.)

पण ही अक्कल मला आधीपासून होती असं समजू नका. काही वर्षांपूर्वी 'खरा वाचक मिळू दे' या हौसेने मी विद्यार्थ्यांना एका सार्वजनिक समाजमाध्यमावर दर आठवड्याला एका आलेखाचं विश्लेषण लिहायला लावलं. एकाने टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत केली. २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेलेल्या आकड्याला 'पाच टक्के वाढ' म्हणाला. वाढ ५ टक्केबिंदूंची होती, टक्क्यांत मोजली तर २५ टक्के. ही चूक भलेभले करतात. अनोळखी लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्याने मजकूर काढून टाकला, तोवर स्क्रीनशॉट फिरू लागला होता. राहिलेलं सत्र तो मागच्या बाकावर बसला आणि एकदाही बोलला नाही. मी त्याला वाचक दिला होता, पाटी दिली नव्हती.

मग सार्वजनिक काही नकोच का? तसंही नाही. विकिपीडिया बघा. २००१ साली सुरू झालेलं ते काम जगासमोर उघडं आहे, तरी तिथे नवख्याला 'धूळपाटी' मिळते. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला हाच शब्द आहे आणि तो मला अतिशय आवडतो. धुळीत अक्षर गिरवायचं, चुकलं की तळहाताने पुसायचं. लेख तिथे कच्चा रचायचा, चर्चापानावर शंका विचारायची, मग मुख्य पानावर न्यायचा. कोणी बदल उलटवला तरी लेखाच्या इतिहासात सगळं शाबूत राहतं. संदर्भ नसेल तर 'संदर्भ हवा' असा शेरा बसतो, आणि 'मला असं वाटतं' तिथे चालतच नाही. माझ्या शेऱ्यांकडे काणाडोळा करणारी मुलं हा शेरा मात्र मनाला लावून घेतात, कारण तो गुणांसाठी नसतो.

चर्चामंचांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००६ साली मोठ्या ऑनलाइन समूहांसाठी ढोबळ प्रमाण मांडलं होतं: ९० टक्के लोक नुसतं वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. साठ जणांच्या वर्गात १ टक्का म्हणजे धड एक विद्यार्थीही भरत नाही. त्यावर उपाय म्हणून 'आठवड्याला दोन प्रतिसाद, त्यांना गुण' असं केलंत, तर 'छान मांडणी, सहमत आहे' अशी एकशे वीस वाक्यं वाचायची तयारी ठेवा.

हलत्या आकृत्यांची साधनं, म्हणजे गणितासाठीचं जिओजेब्रा किंवा भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेली 'फेट' या प्रकल्पाची विज्ञानातली सिम्युलेशन्स, मी बेलाशक सुचवते. आकडा कमीजास्त करायची स्क्रीनवरची घसरपट्टी शंभरदा सरकवली तरी कोणी बघत नाही. फक्त सरकवण्याआधी 'काय होईल?' हे वहीत लिहून घ्या, नाहीतर तो निव्वळ खेळ होतो.

आणि विद्यार्थ्यांचं काम आपल्याकडे उतरवून ठेवा. फुकटची साधनं अचानक गाशा गुंडाळतात. ब्लॉग-बातम्या एकत्र वाचायचं गूगल रीडर २०१३मध्ये गेलं, गूगलचाच ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४च्या अखेरीस.

राहिला व्हॉट्सॲपचा ग्रुप. तो माझ्याकडेही आहे आणि तो सूचनाफलक आहे. वेळापत्रक बदललं की मी लिहिते, खाली अंगठ्यांची रांग लागते. त्यात कोणी शंका विचारत नाही, मी तशी अपेक्षाही सोडली आहे. खरा ग्रुप दुसराच असतो, मी नसलेला. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे चुकीची उत्तरं, अर्धवट फोटो, एकमेकांना शिव्या आणि मधूनच एखादं लखलखीत स्पष्टीकरण असं सगळं चाललेलं असतं, असं ऐकते. गेल्या वर्षी वर्ग प्रतिनिधी मोठ्या आदराने विचारायला आली, "मॅडम, तुम्हाला त्यात ॲड करू का?"

"नको गं," म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरची सुटका तिला लपवता आली नाही.