कशफची वही

आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. 'भैया, थोडा कम करो' याच्या पुढे गाडी सरकत नाही. त्यामुळे २०१४ च्या जूनमध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली आणि आई 'जिंदगी गुलजार है' बघायला बसली, तेव्हा दोन दिवसांत कंटाळेल असं मी धरून चालले होते. मांडीवर परात, परातीत मेथी, डोळे टीव्हीवर. पानं कचऱ्यात आणि देठं परातीत जायला लागली तेव्हा मी मेथी काढून घेतली. तिला पत्ताही नव्हता.

मालिका पाकिस्तानातली, उमेरा अहमद यांच्या कादंबरीवरून त्यांनीच लिहिलेली. दिग्दर्शन सुलताना सिद्दिकी यांचं. तिकडे ती २०१२-१३ मध्येच होऊन गेली होती. भाग अवघे २६. आपल्याकडे तेवढ्यात नुसती हळद लागते!

मुलगा हवा म्हणून मुर्तजा दुसरं लग्न करतो. राफिया तीन मुलींना घेऊन वेगळी राहते, शाळेत शिकवते, वर शिकवण्या घेते. थोरली कशफ हुशार आणि चांगलीच तुसडी. पैसा पैसा मोजत मोठी झालेली पोर, श्रीमंतांच्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकते आणि कुणाशी धड बोलत नाही. फवाद खानने केलेला नायक, झारून, देखणा आहे हे आईलाही मान्य होतं. पण "त्याला कधी दुधाचं बिल भरावं लागलंय का?" या एका वाक्यात तिने त्याला बाद केलं. आईचं सगळं लक्ष राफियाकडे. राफिया झालेली समिना पीरजादा नुसती दाराशी उभी राहिली तरी आई म्हणायची, "दमली गं बाई."

भाषेचं काय? मोठमोठे शब्द तिच्या डोक्यावरून जात. पण त्या घरातली दुखणी बहुतेक पैशांचीच, आणि तिथे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. हिसाब, खर्च, रकम, कर्ज, बाकी, वसूल, हक. तिची स्वतःची वही याच शब्दांनी भरलेली. बाबा गेल्यापासून ती वही लिहायची: डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली 'दूध खाडे ३', आणि महिनाअखेरी 'बाकी' या शब्दाखाली दोन रेघा. हे शब्द मुळात अरबी-फारसी. त्यांना पर्याय द्यायला शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धी झाली, तरी वहीतली बाकी काही हलली नाही.

कशफचीही वही होती. रात्री ती डायरी लिहायची आणि त्यात सरळ अल्लाला जाब विचारायची. आम्हालाच का? आमच्याच आईच्या वाट्याला हे का? झारूनही डायरी लिहायचा, पण त्याच्या डायरीत आईला रस नव्हता.

मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, "आई, आपले शब्द तिकडे गेले की अर्थ बदलतात बरं का. राजीनामा म्हणजे त्यांच्याकडे समेट. शिकस्त म्हणजे हार. आपण शिकस्त करतो म्हणजे जिवाचं रान करतो ना? आणि तकरार म्हणजे भांडण. ही देवाकडे करते त्या तक्रारीला ते शिकायत म्हणतात."

आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. "भांडणच आहे ते," ती म्हणाली. "आपली जनाबाई काय विठोबाला ओवाळत बसली होती? शिव्या घातल्यान् तिने. भांडू दे पोरीला."

माझी व्युत्पत्ती तिथेच संपली.

मालिका संपली, मग पुढची, मग त्यापुढची. राफिया गेली तरी आईला रोज रात्री कुणी ना कुणी दमलेली बाई भेटत राहिली. २०१६ च्या सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला आणि वाहिनीने पाकिस्तानी मालिका बंद केल्या. आईने त्याबद्दल काही तक्रार केली नाही. आपल्या अर्थाने नाही, त्यांच्याही नाही. आपले जवान गेले होते. ती बराच वेळ बातम्या बघत राहिली.

पुढे आठ-दहा दिवसांनी कुकर लावताना एकदम म्हणाली, "त्या मधल्या मुलीचं लग्न ठरत होतं. ठरलं असेल का गं?"