हजेरीपटाचं मागचं पान

गुरुवार, 18 डिसेंबर 2025
दर्यापूर, रात्रीचे साडेनऊ

सकाळची गाडी आज खोलापूरच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. धुई एवढी, की रस्त्याच्या कडेच्या तुरीही धड दिसत नव्हत्या. ड्रायव्हर उतरले, कंडक्टर उतरले, त्यांच्या पाठोपाठ आम्ही सगळे पासवाले उतरलो. पंधरा-सोळा पोरं-पोरी, बँकेत जाणाऱ्या दोघी, एक शिक्षक आणि मी. साडेसात वाजले होते. नऊला एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरून परीक्षक यायचे होते. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या तीन मुली याच गाडीत होत्या आणि त्यातल्या एकीचा नंबर पहिला होता.

ती माझ्याजवळ आली. जर्नल दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. "मॅडम, माहा नंबर पयला हाय जी. कसं करू?"

मी फोन काढला तर रेंज नाही. धुईतूनच रस्त्याने थोडी पुढे चालत गेले, तिथे लागला. विभागातल्या सरांना सांगितलं, आमची गाडी अडकली आहे, शहरातल्या मुलांची तुकडी आधी बसवता येईल का? त्यांनी परीक्षकांना विचारलं आणि लगेच हो म्हणाले. दोन मिनिटांचं काम होतं. मी परत आले तेव्हा ती तशीच उभी होती. तुझा नंबर आता अकरा वाजता, असं सांगितलं तेव्हा कुठे तिने जर्नल पिशवीत ठेवलं.

मागून आलेली गाडी आधीच गच्च होती. आमच्या कंडक्टरांनी दारात उभं राहून परीक्षेच्या पोरी आधी चढवल्या, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. चार पोरं राहिली, ती कापूस घेऊन निघालेल्या एका टेम्पोत बसून आली. मी पायरीवर उभी राहून आले. विभागात पोचायला नऊ चाळीस झाले.

अकराला तिने खोडाचा छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा काप, घेतला. छेद पातळ यायचा तर हात अजिबात हलून चालत नाही. मी लांबून बघत होते. तिचा हात स्थिर होता. नऊला धावतपळत येऊन बसली असती, तर तो तसा राहिला नसता.

दर्यापूर ते अमरावती पन्नासेक किलोमीटर. गाडी वेळेवर असली, तर दीड तास. हे अपडाउन मी आठ वर्षं करते आहे. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास झाला तर पैसे. गाडी चुकली की पहिला तास जातो, तासासोबत त्याचे पैसेही जातात. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा महिन्याच्या हिशेबात पहिल्यांदा मला श्वास घेता आला. यंदा 25 जानेवारीला भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, त्यात तो थोडा परत आखडला. तरी माझं बरं आहे. माझ्यासारखेच तासिकेवर असलेले पुरुष सहकारी पूर्ण तिकीट काढतात, नाहीतर मोटरसायकलने येतात. थंडीत त्यांचे हात इतके गारठलेले असतात, की पहिली दहा मिनिटं खडू धरवत नाही.

मुलांना पासात 66.67 टक्के सवलत आहे. महिन्याच्या भाड्याचा एक तृतीयांश भरायचा. ऐकायला थोडे वाटतात. पण खेड्यातल्या मुलीच्या घरी हा हिशेब कसा होतो, ते मी जवळून पाहिलं आहे. बारावीपर्यंत गावातल्या मुलीला अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा पास मिळतो. तो मोफत असतो. काही तालुक्यांत तर खास मुलींसाठी सरकारच्या मानव विकास योजनेची निळी गाडीही येते. म्हणजे बारावी होईपर्यंत पोरीच्या जाण्यायेण्याला घरून एक रुपया लागलेला नसतो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ती येते आणि बापाच्या खिशातून पासाचे पैसे पहिल्यांदा निघतात. नेमकी हीच वेळ असते घरात स्थळांची बोलणी सुरू व्हायची. आजी म्हणते, "बारावी झाली, आता कावून धाडता तिले रोज?" पासाचे पैसे फार नसतात, पण त्या बोलण्यात ते आजीच्या बाजूने पडतात. मोफत पास पदवीपर्यंत केला, तर किती मुली टिकतील याचा आकडा माझ्याकडे नाही. माझ्या वर्गातल्या किती टिकल्या असत्या, ते मात्र मी नावानिशी सांगू शकते.

त्यांतल्या दोघींबद्दल आज लिहायचंच आहे.

कोरोनानंतर 20 ऑक्टोबर 2021 ला महाविद्यालयं उघडली. दीड वर्ष मोबाइलवर शिकवल्यावर पोरांचे चेहरे दिसले, आम्हाला भरून आलं होतं. आठवडाभरात एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांचं दुःख खरं होतं. आमच्या गल्लीतल्या एका कंडक्टरच्या घरी त्या दिवाळीत दिव्यापलीकडे काही नव्हतं, ते मी पाहिलं आहे. संप पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. तेवढे महिने रस्त्यावर काळीपिवळी जीप, नाहीतर ज्याचं त्याचं वाहन. काळीपिवळीत पास चालत नाही. दोन्ही वेळचे पूर्ण पैसे द्यायचे आणि बारा-पंधरा माणसांत अंग चोरून बसायचं. मुलगे एका मोटरसायकलवर तिघं-तिघं यायला लागले. मुली येईनाशा झाल्या.

सत्राच्या शेवटी हजेरी मोजली. पंचाहत्तर टक्के हा नियम. दोन मुलींची पन्नासच्याही खाली. परीक्षेला बसू न देण्याची यादी माझ्यासमोर आली आणि मी सही केली. कुणी दबाव आणला नव्हता. एक फोन करून विचारावं, असं मला सुचलं नाही. हजेरी कमी म्हणजे अभ्यासात लक्ष नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी स्वतः त्या महिन्यांत भावाच्या गाडीवर मागे बसून जात होते, तरीही.

त्यातली एक पुन्हा आलीच नाही. वैशाखात तिच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेले, अक्षता टाकल्या. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, लय मन होतं जी शिकाचं." मांडवात मी तिला काय उत्तर दिलं, ते आठवत नाही. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नव्हते.

तेव्हापासून हजेरीपटाचं मागचं पान मी वेगळं ठेवते. जूनमध्ये प्रवेश झाले, की एकेकाला जवळ बोलावते आणि लिहून घेते. गाव कोणतं. फाटा कोणता. घरापासून फाट्यापर्यंत किती चालावं लागतं. सकाळची पहिली गाडी किती वाजता, संध्याकाळची शेवटची किती वाजता, ती चुकली तर घ्यायला कोण येतं. पोरं आधी बुचकळ्यात पडतात, मॅडम गाडी का विचारतात म्हणून. यंदा बावीसपैकी तेरा अपडाउनवाले आहेत. त्यांतल्या चौघांच्या गावात गाडी जातच नाही, ते फाट्यापर्यंत चालत येतात. एकीचा फाटा घरापासून तीन किलोमीटर आहे. तिच्या गावचा रस्ता काळ्या मातीचा. पूर्णाकाठची ही जमीन पावसाळ्यात कशी असते, ते चालणाऱ्यालाच ठाऊक. चप्पल हातात घ्यावी लागते, आणि पाय उचलला की शेरभर चिखल सोबत उचलला जातो. ती जुलैभर फाट्यावरच्या हातपंपाशी पाय धुऊन, पिशवीतली दुसरी सलवार बदलून गाडीत चढायची. त्या फाट्यावर बाजूच्या चहाच्या टपरीवाल्या मावशींनी तिच्यासाठी आडोसा करून दिला होता. पानावर तिच्या नावापुढे मी तेही लिहिलं आहे.

प्रात्यक्षिकांच्या तुकड्या मी या पानावरून पाडते. शेवटच्या गाडीवाले आधी, हॉस्टेलवाले आणि शहरातले नंतर. शहरातली पोरं सुरुवातीला कुरकुरली होती. मग एक दिवस त्यांच्यासमोर हे पान वाचून दाखवलं. आता तीच म्हणतात, "मॅडम, आम्ही नंतर बसतो."

माझे बाबा अकोल्याला शिकले. दर्यापूरहून शकुंतला, म्हणजे छोट्या लाइनची रेल्वे, मूर्तिजापूरला उतरून मोठ्या लाइनची गाडी. अचलपूर ते मूर्तिजापूर सुमारे 76 किलोमीटर, आणि ती छोटी गाडी त्याला चार तास घ्यायची. 1994 पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं. बाबा सांगतात, मूर्तिजापूरला पुढची गाडी निघून गेली, तर फलाटावरच अभ्यास व्हायचा. तेव्हा इकडची महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाखाली होती, अमरावतीचं विद्यापीठ 1 मे 1983 चं. विद्यापीठ जवळ आलं आणि गाडी बंद झाली. आता रुळांवर बाभळी उगवल्यात. बाबा यंदा 75 पूर्ण झाले, एसटीत त्यांचा प्रवास आता मोफत. त्या दिवशी ते मुद्दाम एकटेच मूर्तिजापूरला जाऊन आले. काही काम नव्हतं. स्टेशनवर बसून आले, एवढंच म्हणाले.

रोज सकाळी वलगावजवळ मला दोन ओळी एकमेकींना ओलांडताना दिसतात. आमच्या गाड्या पोरांना घेऊन अमरावतीत शिरत असतात. समोरून अमरावतीत राहणारे शिक्षक, प्राध्यापक, कर्मचारी कारमध्ये चौघं-चौघं बसून तालुक्याच्या गावांकडे निघालेले असतात. मी कुणाला दोष देत नाही. त्यांची मुलं शहरात शिकतात, कुणाची आई आजारी आहे, कुणाच्या बायकोची नोकरी तिथे आहे. पण ज्या गावातून पोरं पहाटे निघतात, त्याच गावी शिकवायला माणसं पहाटे निघतात, आणि संध्याकाळी पाचनंतर त्या गावात पुस्तकातलं काही अडलं तर विचारायला कुणी उरत नाही. माझं हेच मोठं दुखणं आहे. मी दर्यापूर सोडलं नाही, त्याचं एक कारण हे. रविवारी घरी पाच-सहा पोरं येतात. बाबाच त्यांना इंग्रजी समजावून सांगतात.

वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. परवा, 20 तारखेला, गाडगेबाबांची पुण्यतिथी. 1956 साली अमरावतीकडे येताना इथेच, पेढीकाठी, वाटेत गाडीतच त्यांनी देह ठेवला. शेणगाव त्यांचं जन्मगाव, आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. आयुष्यभर पायी फिरले. स्वतःसाठी झोपडी बांधली नाही आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, गरीब पोरांसाठी वसतिगृहं काढली. भांडी मोडा पण पोरांना शिकवा, हे ते कीर्तनातून सांगत. या पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पोरांच्या गुणपत्रिकेवर ते छापून येतं. पुलावरून जाताना माझा हात रोज आपोआप जोडला जातो. आज जोडायचा राहिला. पायरीवर दोन्ही हातांनी दांडा धरला होता, म्हणून मनातच नमस्कार केला.

आपल्याकडे शिकायचं म्हणजे आधी मुक्कामाची सोय करायची, हे त्यांना आणि पंजाबराव देशमुखांना दोघांनाही कळलं होतं. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते खेड्यातल्या पोरांसाठीच. मुलींच्या वसतिगृहात यंदाही माझ्या दोन मुलींना जागा मिळाली नाही. जानेवारीत पुन्हा अर्ज करायचा आहे. शिफारशीचं पत्र मी आजच लिहून ठेवलं.

दुपारी चारला परीक्षा आटोपली. डिसेंबरात सहाला अंधार पडतो. पाचची गाडी मिळाली तर पहिल्या नंबरवाली साडेसहापर्यंत फाट्यावर पोचते. तिथून पुढे वावरातली वाट, रात्री रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं रस्त्यावर येतात, म्हणून बाप मोटरसायकल घेऊन उभा असतो. मी तिच्यासोबत स्टॅण्डपर्यंत ऑटोने आले. गाडी पाच वीसला लागली. सकाळचेच कंडक्टर होते. त्यांनी तिला ओळखलं आणि विचारलं, "झाला का व पेपर?" ती म्हणाली, "झाला जी. छेद चांगला आला." त्यांना छेद म्हणजे काय हे कळलं नसेल, पण त्यांचा चेहरा उजळला. तिच्या फाट्यावर गाडी थांबवून, बापाच्या मोटरसायकलचा दिवा दिसेपर्यंत त्यांनी बेल मारली नाही. मी खिडकीतून बघितलं. धुई पुन्हा उतरायला लागली होती.

उद्या दुसऱ्या तुकडीची परीक्षा. त्यात अपडाउनवाले पाच. हवामान असंच राहिलं, तर सकाळची गाडी उशिरा येणार. सरांना आत्ताच निरोप पाठवला, शहरातल्या मुलांना नऊला बोलवा, आमच्या पाचांना साडेदहाला. त्यांचं उत्तर आलं आहे, चालेल. आता त्या पाचांना एकेक करून फोन लावते. तिघांचे लागले, चौथीच्या गावात रात्री रेंज नसते. तिच्या फाट्यावरच्या मावशींचा नंबर पानावर आहे.