पोच नाही

फेब्रुवारीत हळदीचे सौदे जोरात असताना अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या माझ्या मामांच्या अडत दुकानाचे दिवाणजी. "ताई, एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्या निघाल्यात. चौदाच पोती, पण दोनदा. तुमच्या यंत्राला सांगा, हळद एकदाच आलीया."

यंत्र म्हणजे मी मामांसाठी बांधलेली छोटी वेबसाइट. मापाडी वजन सांगतो, अण्णा फोनवर आकडे भरतात, बटण दाबलं की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, तयार. विश्रामबागेत माझ्या टेबलावर हे सगळं झकास चालत होतं. मग स्कूटर काढली आणि दुकानात जाऊन अण्णांच्या शेजारी बसले. पत्र्याखाली, पोत्यांच्या थप्पीआड नेटवर्कची एकच काडी. अण्णांनी बटण दाबलं. तीन सेकंद काहीच नाही. "नीट दाबलं गेलं नसंल," म्हणत त्यांनी परत दाबलं. त्यांचं काय चुकलं? दाराची कडी वाजवून कुणी आलं नाही तर आपणही परत वाजवतोच.

चूक माझी होती. कोडमध्ये मी तीन झेंडे लावले होते: पाठवतोय का, जमा झालं का, चूक आली का. प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही, म्हणजे एकूण ८ जुळण्या. त्यातल्या अर्थाच्या फार तर चार. 'पाठवतोय, जमा झालं आणि चूकही आली' ही अवस्थासुद्धा माझ्या कोडला बिनतक्रार चालत होती. त्यात 'पाठवतोय'चा झेंडा मी वर करत होते एका अवेटनंतर ('उत्तर येईपर्यंत थांब' ही कोडमधली सूचना), म्हणजे लॉट नंबर सर्व्हरकडून तपासून झाल्यावर. वेबसाइटची भाषा जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते हे खरं. एकच काटा, त्यावर एकच पोतं. पण अवेट आलं की आपलं पोतं काट्यावरून खाली उतरतं आणि मागचा आपलं चढवतो. त्या फटीत अण्णांचं दुसरं दाबणं आरामात शिरलं.

मग झेंडे काढून टाकले आणि कागदावर अवस्था लिहिल्या. कोरी, भरलेली, पाठवतोय, जमा, अडकली. प्रत्येकीपुढे, त्या अवस्थेत काय घडलं तर कुठे जायचं. 'भरलेली'मध्ये बटण दाबलं तर लगेच 'पाठवतोय', लॉटची तपासणीही त्याच्या पोटात. 'पाठवतोय'मध्ये बटण दाबलं तर? त्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, म्हणून काहीच होत नाही. बटण दहादा दाबा. चाळीसेक ओळींचं साधं ऑब्जेक्ट, म्हणजे कोडमधला तक्ताच, झालं.

गंमत म्हणजे असं अवस्थांचं यंत्र आपल्या हाताखाली आधीपासूनच असतं. प्रॉमिस म्हणजे मागाहून येणाऱ्या उत्तरासाठी जावास्क्रिप्टने धरून ठेवलेली जागा. तिच्या तीनच अवस्था: प्रलंबित, पूर्ण, नाकारलेलं. एकदा निकाल लागला की बदलत नाही. सर्व्हरला विनंती पाठवायच्या जुन्या पद्धतीत, एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टमध्ये, विनंती कुठवर आली हे सांगणारा रेडीस्टेट ० ते ४ मोजायचा, तेही हेच. आणि दुकानातल्या जुनाट फोनसाठी बेबलने, म्हणजे नवा कोड जुन्या ब्राउझरला कळेल असा करून देणाऱ्या साधनाने, माझं असिंक फंक्शन (ज्यात अवेट वापरता येतं ते) उतरवून दिलं, ती फाइल उघडून पाहिली तर आत चक्क स्विच आणि केस ०, केस ३, शेवटी केस 'एंड'. मी सरळ रेषेत लिहिलेला कोड त्याने अवस्थांमध्ये चिरून ठेवला होता.

आठवडाभर शांतता. मग परत फोन. "ताई, आलं बघा परत जुळं."

या वेळी दाबणं एकदाच झालं होतं. आठ सेकंदांत उत्तर नाही आलं की मी 'अडकली' दाखवत होते आणि खाली 'पुन्हा पाठवा'. अण्णांनी पाठवली. पण पहिली पट्टी सर्व्हरवर पोचली होती, फक्त तिचं उत्तर वाटेत हरवलं होतं. 'अडकली' म्हणजे 'गेली नाही' असं मी परस्पर धरून टाकलं होतं.

हे मी अण्णांना समजावायला लागले तर त्यांनी गल्ल्याखालची वही काढली. व्यापाऱ्याला ट्रकनं माल पाठवला की नोंद होते, आणि शेवटचा रकाना असतो 'पोच'. बऱ्याच ओळींपुढे तो रिकामा. "पोच आली नाही म्हणून परत गाडी भरतो काय आम्ही? आदी फोन लावायचा. माल उतरला का इचारायचं."

माझ्या कागदावर ही अवस्थाच नव्हती. गेलं की नाही ठाऊक नाही, ही चूक नव्हे आणि यशही नव्हे. 'अडकली' खोडून तिथे 'पोच नाही' लिहिलं. तिथून 'पाठवतोय'कडे थेट बाण नाही. आधी 'चौकशी', म्हणजे या नंबरची पट्टी आली का, असं सर्व्हरला विचारायचं. आली असेल तर 'जमा', नसेल तर 'भरलेली'. त्यासाठी फॉर्म उघडतानाच फोनवर पट्टीला स्वतःचा नंबर मिळतो आणि पुन्हा पाठवताना तोच राहतो. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण 'आली नाही' असं उत्तर मिळाल्यावरही रेंगाळलेली पहिली विनंती मागाहून येऊन टपकू शकते. तोच नंबर दुसऱ्यांदा दिसला की सर्व्हर नवीन पट्टी न करता जुनीच परत देतो.

शेतकऱ्याचं नाव शोधायच्या रकान्यातही असाच घोळ होता. 'पाटील' टाइप करेपर्यंत 'पा'ची यादी मागाहून येऊन वर बसायची, आणि सांगलीत 'पा'ची यादी केवढी असते ते सांगायला नको. आता प्रत्येक शोधाला क्रमांक आहे, शिळं उत्तर आलं तर टाकून देते.

अशी अवस्थांची यंत्रं बांधायला एक्सस्टेटसारखी तयार कोडची लायब्ररी आहे, पण एका फॉर्मपुरती मला ती जड वाटली. नेटवर्क आहे-नाही हे पट्टीच्या प्रत्येक अवस्थेशी गुणायला लागले तेव्हा मात्र कागद भरला. यावरचा उपाय संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ च्या स्टेटचार्ट्सवरच्या लेखात मांडून ठेवला आहे: अवस्थेच्या पोटात अवस्था, आणि शेजारी शेजारी स्वतंत्र चालणारे भाग. नेटवर्कचा भाग वेगळा काढला आणि चित्र परत एका पानात बसलं.

आता पडद्यावर पिवळ्या पट्ट्यात 'पोच नाही' असं दिसतं. अण्णा ते बघून बटणाला हात लावत नाहीत, चहा मागवतात. वहीही चालूच आहे. प्रिंटरचं मात्र बाकी आहे. अर्ध्यात कागद अडकला तर पट्टी छापली म्हणायची की नाही, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही.