हातात नोकरी नसताना जर्मनीत खोली शोधली त्याची गोष्ट, कोल्हापूर ते एसलिंगेन

शिरोली एमआयडीसीत सहा वर्षं कास्टिंगच्या डिझाइनवर काम केलं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये शांसेनकार्टे घेऊन स्टुटगार्टला उतरलो. हा व्हिसा जून २०२४ पासून सुरू झालाय, एक वर्षापर्यंत इथं राहून नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला २० तास पार्टटाइम कामही चालतं. कोल्हापुरातली बरीच पोरं आता याच वाटेवर आहेत, सगळे फोन करून नोकरीचंच विचारतात, पण बाबांनो आधी राहायचं विचारा.

कारण इथला घरमालक पगाराच्या स्लिपा मागतो आणि शुफा मागतो, शुफा म्हणजे आपल्या सिबिलसारखं, आणि नवीन माणसाकडं दोन्ही नसतं. त्यामुळं रिकामा फ्लॅट घ्यायच्या नादाला लागूच नका. त्स्विशेनमीटे शोधा, म्हणजे कुणी दोन-तीन महिने बाहेर जातंय आणि आपली खोली सामानासकट तेवढ्यापुरती भाड्यानं देतंय असं.

मी निघायच्या आधी राजारामपुरीत बसूनच एक खोली जवळजवळ पक्की केली होती. स्टुटगार्टच्या मध्यवस्तीत, फोटो एक नंबर, भाडं ४५० युरो. मालक म्हणाला मी सध्या दुसऱ्या देशात आहे, ९०० युरो पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल. माझा मामा पोरांना खोल्या भाड्यानं देतो, त्याला मोबाईल दाखवला तर जेवता जेवता एवढंच बोलला, "किल्ली हातात पडल्याबिगर रुपाया सोडायचा न्हाई बघ." दोन दिवसांनी ती जाहिरातच गायब. मामाचा नियम इथं जशाच्या तसा लागू आहे, खोली बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर आतून दारापर्यंत फिरून बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.

म्हणून पहिले दहा दिवस हॉस्टेलवर काढले, महाग पडलं पण रोज जाऊन खोल्या बघता आल्या. स्टुटगार्टच्या आतच पाहिजे हा हट्ट सोडला आणि एस-वन लोकलच्या लाइनवर शोधायला लागलो तेव्हा एसलिंगेनला जमलं, पीएचडी करणारी एक मुलगी तीन महिने बाहेर चालली होती. पहिल्या मेसेजमध्ये मोडक्या जर्मनमध्ये चार ओळी लिहिल्या, नोकरी शोधतोय हे सरळ सांगितलं आणि स्लिपांच्या जागी ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र जोडलं. व्हिसासाठी वर्षाचे १३,०९२ युरो त्यात भरावेच लागले होते, महिन्याला १,०९१ सुटतात, म्हणजे भाडं येणार याची त्यांना खात्री पटते. हे पत्र मी आधीच्या पंधरा-वीस मेसेजना जोडलं नव्हतं आणि एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. मूळ मालकाची परवानगी आहे का, आणि अनमेल्डुंग होईल का. अनमेल्डुंग म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंद, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्यासाठी खोली देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. हॉस्टेलवर तो बहुतेक मिळतच नाही. नोंद झाली की टॅक्सचा नंबर पोस्टानं घरी येतो, तो नोकरीला लागताना लागतोच.

आणि इथं पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत घेऊन जातो. त्या मुलीनं जायच्या आदल्या संध्याकाळी मला खाली नेलं, तिच्या नावाखाली पांढरी टेप चिकटवली आणि माझं आडनाव एकेक अक्षर विचारून मार्करनं लिहिलं. दोन-अडीच आठवड्यांनी त्याच पेटीत टॅक्सच्या नंबरचं पत्र पडलं, मी जिन्यातच उभा राहून फोडलं आणि आईला फोन लावला.

तारखेचंही बघा. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत युनिव्हर्सिटीत लेक्चर नसतात, पोरं गावी जातात आणि खोल्या निघतात. ऑक्टोबरमध्ये नवे विद्यार्थी येतात तेव्हा फार हाल होतात, तेव्हा जमलं तर ऑगस्टमध्येच या. भाडं विचारताना वार्म की काल्ट ते विचारा, काल्टमध्ये हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला नसतो. डिपॉझिट कायद्यानं तीन काल्ट भाड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आत जाताना भिंती, गादी, बेसिन सगळ्याचे फोटो काढून खोली देणाऱ्याला त्याच दिवशी पाठवून ठेवा. मी ते केलं होतं, नोव्हेंबरमध्ये खोली सोडली आणि चौथ्या दिवशी पूर्ण ५०० युरो खात्यात परत आले.